गळ्याचा तिसरा ठोकळा

भट्टी विझवून सतरा दिवस झाले होते, तरी माणसं अजून दबक्या आवाजात बोलत होती. अकरा वर्षं एक दिवसही न विझलेली भट्टी थंड पडली की असंच होतं. घरात कोणी अंथरुणाला खिळलं असल्यासारखे सगळे हळू चालतात, हळू बोलतात, आणि कोणाच्या हातून फावडं पडलं तर दहा जण त्याच्याकडे रागानं वळून बघतात.

मोठ्या बाई तेवढ्या नेहमीच्या आवाजात बोलत होत्या. त्यांचा नेहमीचा आवाज म्हणजे शेजारच्या दोन इमारतींना पुरून उरेल असा.

"ओळंब्या, तो पाट्या टाकतोय तो कोण आहे रे? त्याला सांग, वीट आहे ती, बटाट्याचं पोतं नाही. कड उडाली तर तिथं त्याचे दात लावून घेईन."

ओळंबा म्हणजे मुख्य मिस्त्री. साठी उलटलेला माणूस, पण उभा राहिला की वरून दोरी सोडल्यासारखा सरळ. म्हणून बाईंनी तीस वर्षांपूर्वी त्याला हे नाव ठेवलं. पुढं त्याच्या बायकोनंही तेच चालवलं, आणि आता त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. त्यानं मान हलवली आणि त्या माणसाला दुसऱ्या कामाला लावलं.

कारखाना बरण्यांचा आणि बाटल्यांचा. काच वितळवायची भट्टी म्हणजे खरं तर एक झाकलेला हौद. एका टोकानं वाळू, सोडा, चुनखडी आत ढकलायची, वरून ज्वाळा सोडायच्या, आणि दुसऱ्या टोकानं मधासारखी काच काढून घ्यायची. दोन टोकांच्या मधे एक भिंत, आणि त्या भिंतीच्या पायाशी हातभर उंचीचा बोगदा. त्याला म्हणतात गळा. हौदातली सगळी काच त्या एवढ्याशा गळ्यातून जाते, त्यामुळं सगळ्यात जास्त झीज तिथं. भट्टी मरते ती बहुतेक गळ्यातून मरते.

आतल्या अस्तराला कुठं काय लावायचं, हे ठरवणं बाईंचं काम. शाळा त्यांची तिसरीत सुटली होती, पण विटांच्या बाबतीत शिकलेली माणसं त्यांच्यापुढं हात बांधून उभी राहायची. वरच्या घुमटाला वाळूची वीट. वजनाला हलकी, आगीत पाठ वाकवत नाही, आणि पाझरलीच तर शेवटी वाळूच, काचेत विरघळून जाते. हौदाच्या भिंतीला, जिथं काच रात्रंदिवस अंगाला घासते, तिथं वितळवून साच्यात ओतलेले पांढरे ठोकळे, एकेक चार जणांना न हलणारा. त्यांच्या मागं साधी मातीची वीट, ऊब धरून ठेवायला. "घरातले सगळेच पाहुण्यांपुढं बसत नाहीत. कोणीतरी मागं चुलीपाशी लागतंच," असं त्या नव्या माणसाला समजावत, आणि वर विचारत, "कळलं का, की पुन्हा सांगू आणि वेळ घालवू?"

आणखी एक गोष्ट त्या सांगत. वाळूची वीट आणि धुराची ऊब साठवणाऱ्या मागच्या जाळीतली तपकिरी वीट एकमेकींना चिकटून लावायची नाही. एकेकट्या दोघी गुणाच्या. पण आगीत शेजारी बसवल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. त्यांच्या मधे तिसऱ्या जातीची वीट घालावी लागते, दोघींशी पटवून घेणारी.

बाईंच्या घरात ती मधली वीट म्हणजे त्यांचा मुलगा होता. तीन वर्षांपूर्वी तो गेला, आणि सासू-सून एका भिंतीत शेजारीशेजारी राहिल्या.

ठोकळे बनवणारा ते तपासून, कागद जोडून पाठवतो. पण गाडीत हादरे ठोकळ्याला बसतात, कागदाला नाही. म्हणून इथं उतरवल्यावर प्रत्येक ठोकळा पुन्हा वाजवून घ्यायचा. बाईंची आई मडकी विकायची. गिऱ्हाइकाच्या आधी ती स्वतः बोटाच्या पेरानं मडकं वाजवायची, आणि पोरीला शेजारी बसवून विचारायची, "सांग, धड की फुटकं?" तोच कान घेऊन बाई लग्नानंतर या कारखान्यात आल्या होत्या. छोटी हातोडी घ्यायची, चार कोपऱ्यांवर चार टोले आणि मधे एक. खणखणीत वाजला की गेरूत बुडवलेलं बोट ठोकळ्यावर ओढायचं. बद्द वाजला की आत कुठंतरी चीर आहे, परत पाठवायचा. बाईंचं गेरूचं बोट नसलेला एकही ठोकळा भट्टीत जायचा नाही. नवरा जिवंत असल्यापासूनचा हा नियम, आणि नवऱ्यालाही तो मोडायची मुभा नव्हती.

आणि गेली दोन वर्षं बाईंना ऐकू येत नव्हतं.

एकदम गेलं नाही ते. आधी चिमण्या गेल्या. मग उतू जाणाऱ्या दुधाचा फसफसाट गेला. मग फोनवरची माणसं पाण्याखालून बोलायला लागली, तेव्हा बाईंनी फोन घेणंच सोडलं. चाळीस वर्षं बाटल्यांच्या यंत्रांच्या खडखडाटात काढल्यावर आणखी काय होणार! कोणाला न सांगता त्या दूरच्या एका डॉक्टरकडे जाऊन आल्या. त्यानं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं की कानात यंत्र घाला. बाई म्हणाल्या, "कानात खुंट्या घालून बसायला मी काय तंबोरा आहे?" आणि उठल्या.

बोलत राहिलं की ऐकावं लागत नाही, हे त्यांना लवकरच उमगलं. समोरचा तोंड उघडायच्या आत त्या त्याला झापायच्या, म्हणजे तो गप्प. कोणी समोर तोंड करून बोललं तर ओठांवरून त्यांना बरंचसं कळे. पाठमोरं कोणी काही बोललं की त्या नाक वर करून निघून जात. लोक म्हणत, म्हातारपणी बाईंची जीभ फारच सुटली. हळूहळू माणसं लांब सरकली. कोणी उगाच येऊन बसेना, कोणी दोन गोष्टी सांगेना.

सूनबाई कार्यालय सांभाळायची. तिला खाली मान घालून बोलायची सवय. सुरुवातीला ताटावर बसलं की ती काहीबाही सांगायची, तिचे ओठ बाईंना दिसायचे नाहीत, आणि बाई दुसरंच काहीतरी बोलत सुटायच्या. तिनं महिनाभर प्रयत्न केला, दोन महिने केला. मग सोडून दिला. आता घरात बाई एकट्या बोलायच्या आणि सून एकटी जेवायची. बाईंना वाटे, हिला माझ्याशी बोलायचंच नाही. सुनेला काय वाटत असेल, हे विचारायची सोय नव्हती.

मग या बांधणीसाठी दोन वर्षं येत असलेले ठोकळे कसे वाजवत होत्या? तर ओळंब्याच्या तोंडाकडे बघून. ठोकळा वाजवताना तो कायम समोर उभा असायचा. बाई टोले मारायच्या आणि हळूच नजर वर करायच्या. ओळंब्याचा चेहरा शांत असला की गेरू. त्याची डावी भुवई जराशी वर गेली की ठोकळा परत. माणूस तीस वर्षं आपल्याबरोबर उभा आहे, त्याचा कान तयार झालाच असणार, असा बाईंचा हिशोब. आपण त्याचा कान वापरतोय याची त्यांना लाज वाटे, पण ते कोणाला कळत नव्हतं. ठोकळेवाल्यानं एकदा कळवलं होतं की परत आलेल्या ठोकळ्यात काही दोष सापडला नाही. बाईंनी त्याला असं फाडून खाल्लं की त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

अशा रीतीनं या वेळच्या हौदाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती झाल्या. गळ्याचे ठोकळे तेवढे उशिरा आले. बाराच होते, पण सगळ्यात महत्त्वाचे. आणि ते आले त्याच दिवशी सूनबाईनं मागवलेले मास्कही आले.

विटा कापायच्या धुळीनं दोन माणसांची छाती बिघडली होती, तेव्हा ती हट्टाला पेटली होती. नाकातोंडावर जाड मास्क, डोळ्यांवर मोठा चष्मा, टोपी कपाळापर्यंत. कोणालाही सूट नाही. बाईंपुढंही तिनं एक मास्क धरला. बाईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि टेबलावर ठेवला. "माझ्या तोंडाला कुलूप घालायचं तुझ्या फार दिवसांपासून मनात आहे, ठाऊक आहे मला." सून काही न बोलता निघून गेली. बोललीही असेल.

बाई गळ्याच्या पहिल्या ठोकळ्यापाशी आल्या. फळ्यांवर बारा ठोकळे एका रांगेत मांडले होते. काम थांबवून सगळे जमले होते, कारण गळ्याचे ठोकळे वाजवणं म्हणजे मानाचं काम. बाईंनी चार कोपऱ्यांवर चार टोले मारले, मधे एक मारला, आणि नजर वर केली.

समोर एक काळा मास्क होता. वर चष्मा, त्यात बाईंचंच तोंड दिसत होतं. भुवई टोपीखाली.

बाईंनी पुन्हा टोले मारले. मास्क हलला नाही. वीसेक मास्क त्यांच्याकडे बघत होते आणि त्यातल्या एकालाही चेहरा नव्हता. त्या क्षणी त्यांना पहिल्यांदा नीट कळलं की दोन वर्षं आपण काय करत होतो. ओळंब्याला "काढ रे ते" म्हणता आलं असतं. पण का काढ, असं त्यानं विचारलं असतं. बाईंनी गेरूत बोट बुडवलं आणि ओढलं.

दुसरा वाजवला, बोट ओढलं. तिसऱ्यावर मधला टोला मारला तेव्हा हातोडी हातात मेल्यासारखी बसली, उडाली नाही. बाई थबकल्या. मागं सगळे उभे. बाईंनी बोट ओढलं. मग पुढचे नऊ त्यांनी भराभर उरकले, आणि "बघत काय उभे राहिलात, तमाशा आहे का?" म्हणून सगळ्यांना हाकललं.

दुपारी त्या घरी आल्या. जेवण झाकून ठेवलेलं होतं, ते तसंच राहिलं. त्या खिडकीशी बसून उजव्या हाताच्या तळव्याकडे बघत राहिल्या. तिसरा ठोकळा. हातोडी का उडाली नाही? मूठ ढिली होती? की आत चीर आहे? चीर असली तर महिन्याभरात काच ती शोधून काढते. काचेइतकं चिकट दुसरं कोणी नाही, एकदा वाट सापडली की ती रुंद करत जाते. आणि गळ्याखाली थंड हवा मारणाऱ्या नळ्या असतात. त्या नीट चालल्या आहेत का हे बघायला प्रत्येक पाळीत एक माणूस वाकून त्या खबदाडात जातो. बाईंना त्या सगळ्यांची तोंडं माहीत होती. एकाचं नुकतंच लग्न ठरलं होतं. काच गळताना दिसली तर तोही सरळ उठून पळणाऱ्यातला नव्हता, आधी वाकून बघणाऱ्यातला होता.

सकाळी जाऊन सांगावं, तिसरा काढा, मला तो आवडला नाही. बाईंना कारण कोण विचारणार? पण मग उरलेल्या अकरांचं काय? त्यांतला एकही त्यांनी ऐकला नव्हता. शेजारी कोणी असतं तर विचारलं असतं की बाई गं, मी काय करू? घरात कोणी नव्हतं, आणि असतं तरी उत्तर ऐकू आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्या पोचल्या तेव्हा पहिला ठोकळा साखळीला लटकत होता आणि ओळंबा हातानं इशारे करत होता. बाई सरळ जाऊन ठोकळ्याखाली उभ्या राहिल्या. साखळी ओढणाऱ्यानं ती घाईघाईनं अडकवली.

"खाली घ्या," बाई म्हणाल्या. "सगळे खाली घ्या. माझी खूण खोटी आहे."

मास्क एकमेकांकडे वळले.

"मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. ठोकळा वाजतो की बोंबलतो, मला काही कळत नाही. आत्तापर्यंत मी या ओळंब्याच्या तोंडाकडे बघून बोट ओढत होते. त्याची भुवई वर गेली की परत. काल त्याचं तोंड झाकलेलं होतं. बारापैकी एकही मी तपासलेला नाही. झालं? बघून घ्या आता नीट, पुन्हा सांगणार नाही."

ओळंब्यानं मास्क खाली ओढला. चष्मा काढला. त्याचा चेहरा भिंतीच्या ठोकळ्यांसारखा पांढरा पडला होता. त्याचे ओठ हलले, बाईंना नीट दिसावे म्हणून पुन्हा हलले.

"बाई, मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो."

"म्हणजे?"

"विटा कापायच्या यंत्रापाशी माझे कान कधीच गेले. तुम्ही टोला मारून वर बघायच्या. तुमच्या डोळ्यांत शंका दिसली की मला वाटायचं, बाईंना पसंत नाही. म्हणून भुवई उचलायचो. आपल्यालाही कळतं असं दिसावं म्हणून."

बाईंनी मागच्या दोन्ही भिंतींकडे बघितलं. एकशे शहाऐंशी ठोकळे, प्रत्येकावर गेरूचं बोट. दोन बहिऱ्यांनी एकमेकांची तोंडं बघून पास केलेली भट्टी. त्यांना एकदम हसू आलं. त्या फळीवर बसल्या.

"इतका सरळ उभा राहतोस मेल्या," त्या म्हणाल्या, "एकदा तरी वाकून खरं सांगायचं होतंस."

तेवढ्यात कोणीतरी त्यांचा खांदा धरून त्यांना वळवलं. सूनबाई होती. तिचा मास्क जोरजोरात आतबाहेर होत होता, हात चालत होते, चष्म्याच्या आत वाफ धरली होती. ती काहीतरी ओरडत होती, आणि बरंच ओरडत होती.

"तोंडावरचं काढ आणि मग भांड," त्या म्हणाल्या.

सुनेनं मास्क ओरबाडून काढला. नाकावर त्याचा वळ उठला होता. "दोन वर्षं! दोन वर्षं मला वाटत होतं तुम्ही मुद्दाम करता! मी ताटावर बसून बोलायचे आणि तुम्ही माझ्या बोलण्यावरून चालत जायच्या! ते गेल्यावर घरात बोलायला मला दुसरं कोण होतं हो? कोण होतं?"

बाईंना सगळं कळलं, एकही शब्द सुटला नाही.

"मलाही नव्हतं," त्या म्हणाल्या. सून ते ऐकून वळली आणि भिंतीकडे चालू लागली. "दोन्ही भिंती उतरवायच्या," असं ती माणसांना सांगत असावी, कारण माणसं तिकडं निघाली. ठोकळे नुसते एकमेकांवर बसवलेले असतात, मधे काही लावत नाहीत. तेवढं एक बरं होतं.

मग प्रश्न आला कानाचा. बाईंनी सुनेला मागच्या अंगणात नेलं. तिथं जुन्या भट्टीतले काढून टाकलेले ठोकळे पडले होते. त्यांनी एक धड ठोकळा शोधला, एक उघडी चीर दिसणारा शोधला, आणि दोन्हींवर आळीपाळीनं टोले मारले. "डोळे मीट. हा धड. हा फुटका. पुन्हा. आता मी सांगणार नाही, तू सांग." सून पहिल्या चार वेळा चुकली. "मडकी विकणाऱ्याच्या घरात असतीस तर उपाशी मेली असतीस," बाई म्हणाल्या. पाचव्यांदा तिनं बरोबर सांगितलं, मग वीस वेळा बरोबर सांगितलं.

गळ्याच्या बारांपासून सुरुवात केली. हात बाईंचा, कान सुनेचा. बाई टोला मारायच्या आणि तिच्या तोंडाकडे बघायच्या. तिसऱ्या ठोकळ्यावर मधला टोला पडला तेव्हा सुनेनं डोळे उघडले. बाईंनी ओल्या फडक्यानं आपलं बोट ठोकळ्यावरून पुसून टाकलं.

पहिल्या दिवशी पन्नास ठोकळे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंच्या खांद्यातून कळा यायला लागल्या. सुनेनं त्यांच्या हातातून हातोडी घेतली आणि एकटीच पुढं निघाली. टोला तिचा, कान तिचा. काम दुप्पट वेगानं होऊ लागलं. बाई थोडा वेळ मागं मागं चालल्या, मग केबिनमध्ये जाऊन बसल्या.

तिथं त्यांना नवीच गोष्ट कळली. माणसं त्यांच्याशी चांगली वागायला लागली होती. चहा आणणारा वाकून, तोंड मोठं मोठं करून विचारायचा, "चहा... आणू... का?" जाताना खांद्यावर थोपटायचा. गेल्या आठवड्यात याच माणसाला त्यांनी कपात माशी निघाली म्हणून रडवलं होतं. ओळंबा दाराशी आला तेव्हा बाई म्हणाल्या, "या, या. कान विकून भुवया घेतल्यात ना तुम्ही?" पूर्वी त्यानं यावर काहीतरी तिरकं ऐकवलं असतं, निदान तोंड वाकडं केलं असतं. तो नुसता हसला. लहान पोरानं बोबडं काही म्हटल्यावर हसतात तसा. आणि मान डोलावून निघून गेला.

बाईंना त्याच्यामागं हातोडी भिरकावावी असं वाटलं. पण हातोडी बाहेर होती.

तिसऱ्या दिवशी सून केबिनमध्ये आली. केसांत, पापण्यांवर पांढरी धूळ. तिनं मास्क गळ्यात ओढला, खुर्ची बाईंच्या समोर ओढली आणि मान वर करून बसली. आवाज चढवला नसावा, कारण तिच्या मानेच्या शिरा ताणल्या नव्हत्या.

"भिंतीतले चार निघाले. त्यांच्या जागी दुसरे आहेत. गळ्याचा तिसरा गेला तो गेला, त्या मापाचा दुसरा नाही. ठोकळेवाला म्हणतो, सहा आठवडे."

"मग?"

"गोदामात हिरव्या बाटल्या करायचो तेव्हाचा एक आहे. क्रोमचा. माप तेच. वाजवला मी, धड आहे. मिस्त्री म्हणतात तो लावू. टिकायला याच्या दुप्पट."

बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. ही खरंच विचारते आहे, की म्हातारीचं मन राखते आहे? चेहऱ्यावर धूळ इतकी होती की कळेना.

"टिकेल," त्या म्हणाल्या. "टिकायला कोण नाही म्हणतंय. पण क्रोम झिजतो तेव्हा काचेत हिरवा उतरतो. हिरव्या बाटलीत कोणाला दिसत नाही. आपल्या आता पांढऱ्या बरण्या आहेत. शेवाळ धरल्यासारखी बरणी कोण घरात नेईल?"

"मिस्त्री म्हणतात, झाक दिसणारसुद्धा नाही."

"मिस्त्रीचे कान गेले ते समजलं. डोळ्यांचं काय झालं?"

सुनेच्या तोंडाचा कोपरा हलला, पण ती हसली नाही. "सहा आठवडे शंभर माणसांना बसवून ठेवायचं? बरण्यांची वाट बघणारे दुसरीकडे जातील."

"जातील त्यातले अर्धे परत येतील. हिरवट बरणी हातात पडली तर एकही येणार नाही. आणि बसवून कशाला ठेवतेस? भिंती पुन्हा उभ्या करायला दोन आठवडे जातील. उरलेल्या दिवसांत घुमटाची एकेक वीट वाजवून घे. तीही आम्हीच पास केली आहे, मी आणि तुझे ते मिस्त्री."

सून हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. उठली, मास्क चढवला आणि बाहेर गेली.

केबिनच्या काचेतून बाईंना सगळं दिसत होतं. सुनेनं माणसांना जवळ बोलावलं. ती बोलत होती, मधे ओळंब्यानं हात हलवून काहीतरी म्हटलं, तिनं उत्तर दिलं, मग आणखी कोणी बोललं. दोन माणसं गोदामातून हातगाडीवर एक पेटी घेऊन आली आणि गळ्याच्या जागेपाशी थांबली. क्रोमचाच होता तो, पेटीची लाकडं काळी पडलेली. सून पेटीपाशी गेली. एक हात पेटीवर ठेवून बोलत राहिली. कोणीतरी हसलं, कोणीतरी मान हलवली. मग त्याच दोन माणसांनी हातगाडी फिरवली आणि पेटी आली तशी गोदामाकडे परत नेली. बाकीचे घुमटाच्या विटांच्या थप्पीकडे गेले. सुनेनं कानाला फोन लावला आणि पलीकडच्याला दिसणार असल्यासारखी सहा बोटं हवेत मोजून दाखवली.

बाईंनी पदरानं कपाळ पुसलं.

आता कोणीतरी येईल आणि सांगेल. सून नाही तर निदान ओळंबा येईल, म्हणेल, बाई, तुमचंच झालं. त्यावर काय बोलायचं ते त्यांनी मनात तयारही केलं. त्या थांबल्या. चहावाला येऊन रिकामा कप घेऊन गेला. बाहेर विटा उचलल्या जात होत्या, टोले पडत होते, सून डोळे मिटून उभी राहत होती आणि हातानं डावीकडे किंवा उजवीकडे दाखवत होती. काम सुरळीत चाललं होतं. काचेतून दिसतंच आहे, वेगळं काय सांगायचं, असं सगळ्यांना वाटलं असणार.

बाईंनी खुर्ची उचलून फिरवली आणि दाराकडे तोंड करून बसल्या. येणाऱ्याचं तोंड आत शिरल्याबरोबर दिसावं म्हणून.